खर्ज हवा की खणखणाट?

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या म्युझिक रूममध्ये दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे कीबोर्डचा अॅडाप्टर हरवतो आणि दुसरी म्हणजे बेस गिटारच्या तारांवरून भांडण सुरू होतं. यंदा भांडण जरा जास्तच तापलंय. कॉलेजची बेस एकच, वाजवणारे आम्ही तिघं, आणि वर्गणीतून तारांचा एकच सेट येणार. तो राउंडवाउंड आणायचा की फ्लॅटवाउंड? मी फ्लॅटवाउंडच्या बाजूचा आहे आणि का ते इथे मांडतो. संपादकांनी जागा दिली, त्यांचे आभार!

आधी ज्यांना हा काय प्रकार आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी. बेसची तार म्हणजे एक सुटी तार नव्हे. मधे पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. गुंडाळलेली तार गोल असेल तर राउंडवाउंड, चपटी पट्टी असेल तर फ्लॅटवाउंड. पहिली बोटाला कानशीसारखी खरखरीत लागते, दुसरी गुळगुळीत. राउंडवाउंडचा आवाज चकचकीत, पियानोसारखा. फ्लॅटचा आवाज गोल, दबका, 'धुम्म' असा.

आता कुणी म्हणेल, "मग चकचकीतच घे ना बे, लोकांना ऐकू तर येईल!" हाच खरा मुद्दा आहे. स्टेजवर चकचकीत आवाज काढणारे आधीच किती आहेत ते मोजा. झांज, हाय-हॅट, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड आणि वर माइकची शिट्टी! त्या गर्दीत बेसनेही खणखणाट केला तर गायकाने जायचं कुठे?

आपण शेगावात राहतो. पालखीचं भजन कानावर पडलं नाही असा एकही होस्टेलवाला नसेल. मृदंगाची डावी बाजू आठवा. वादक वाजवायला बसण्याआधी तिच्यावर ओली कणीक थापतो. कशासाठी? कातड्यावर वजन आलं की स्वर खाली उतरतो आणि आवाज भरदार होतो. टाळांचा झणझणाट वर, मृदंगाची धूम खाली, मधली जागा अभंगाला मोकळी. आपल्या लोकांना हे गणित इक्वलायझर येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. फ्लॅटवाउंड तार म्हणजे बेसला लावलेली कणीकच समजा!

विरुद्ध पक्षाचा दाखला तंबोऱ्याचा आहे. "आपल्या कानाला झंकारच लागतो, मिरजेचे कारागीर जवारी काढण्यात आयुष्य घालवतात," असं आमचा एक मित्र म्हणतो. अगदी बरोबर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकनही मिळालं. पण तंबोरा गायकाला स्वरांचं अंगण देतो, तो ताल धरत नाही. बेसला ड्रमच्या पायाशी पाय जुळवायचा असतो. काम वेगळं, म्हणून तारही वेगळी.

दुसरा आक्षेप, "फ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांच्या तारा." इतिहास पाहू. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ साली आली आणि पुढची बरीच वर्षं इलेक्ट्रिक बेसवर फ्लॅटच चालल्या. १९६०च्या दशकात 'द हू' बँडच्या जॉन एंटविसलबरोबर रोटोसाउंड कंपनीने राउंडवाउंड बेस तारा घडवल्या आणि मग जमाना बदलला. पण डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसनने जी गाणी वाजवली ती जाड फ्लॅट तारांवर, आणि तार तुटेपर्यंत तो बदलत नसे! आणि होस्टेलच्या मेटलवाल्यांनो, तुमच्या आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस कुठल्या तारा वाजवतो? फ्लॅटवाउंड! २००८ साली मुंबईत येऊन गेलेला बँड आहे हा, भजनी मंडळ नव्हे.

आता आपल्या आवडीचं म्हणजे इंजिनिअरिंग. तारेचा ताण = दर मीटर वस्तुमान × (२ × लांबी × वारंवारता) याचा वर्ग. चौतीस इंची बेसवर खालचा ई म्हणजे ४१ हर्ट्झच्या आसपास. मोकळ्या तारेची लांबी ०.८६ मीटर आणि वस्तुमान मीटरला साधारण ३२ ग्रॅम धरलं तर एकट्या तारेचा ताण सोळा-सतरा किलोच्या वजनाइतका भरतो. चारही तारांचा मिळून सत्तरच्या घरात. फ्लॅट तारा बऱ्याचदा यापेक्षा जास्त ओढतात, म्हणून मान किंचित वाकते आणि आतला ट्रस रॉड थोडा फिरवावा लागतो. तो एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि जाणकाराला विचारून! पाकिटावर जाडी असते तसा बऱ्याच कंपन्या ताणही छापतात. जाडी बघून नाही, ताण बघून सेट निवडा. सध्याच्या तारांच्या जवळचा ताण घेतला की मान कुरकुरत नाही.

पैशाचं काय? फ्लॅटचा सेट साधारण दुप्पट महाग पडतो, हे कबूल. पण विदर्भातला उन्हाळा आणि तीन जणांचे घामट हात! राउंडवाउंडच्या खाचांत घाम आणि मळ साचतो आणि दोन-तीन महिन्यांत चकाकी संपते. म्हणजे ज्या आवाजासाठी पैसे मोजले तोच आधी जातो. फ्लॅटला खाचा जवळजवळ नाहीत, आणि जायला चकाकीही फारशी नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसलं तर सेट वर्षानुवर्षं टिकतो. शिवाय पट्टीवरचे फ्रेट कमी झिजतात. कॉलेजच्या वाद्याला, जे आपल्या नंतर ज्युनिअर वाजवणार आहेत, हा हिशोब लागू पडतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. ज्याला अंगठ्याने थापडून स्लॅप वाजवायचाय त्याने फ्लॅटच्या नादी लागू नये, निराशा होईल. आम्हा तिघांपैकी एकाला तेच आवडतं, आणि त्याचं ऐकून घ्यायलाच हवं. पण गेल्या गॅदरिंगची यादी काढून पाहा. जुनी हिंदी गाणी, भावगीतं, दोन लावण्या, एक गोंधळ. पंचमदांच्या ताफ्यात टोनी वाझ यांनी बेस वाजवली ती अशाच गाण्यांत, गाण्याच्या पोटात शिरून. आपल्याला तेच वाजवायचंय ना?

बेस वाजवणारा सगळ्यांत मागे उभा असतो. फोटोत अर्धा कापला जातो. टाळ्या गिटारला मिळतात. तरीही तो थांबला की गाण्याखालची जमीन सरकते आणि हे मागच्या रांगेतल्यालाही कळतं. मला वाटतं, नव्याने शिकणाऱ्या ज्युनिअरच्या हातात असं वाद्य पडावं जे त्याला चमकायला नाही, दुसऱ्याला उचलून धरायला शिकवेल. वर्गणीचा निर्णय येत्या बैठकीत होईल. माझं मत फ्लॅटला. तुमचं मत काहीही असो, बैठकीला या, आणि येताना अॅडाप्टर कुणाच्या रूममध्ये असेल तर तेवढा घेऊन या!