किती नव्हे, कशासाठी?



रमजान सरला की बऱ्याच घरांत कपाटाच्या खणात पावत्यांचा गठ्ठा उरतो. पाचशेची एक, हजाराची एक, बहुतेकांवर दूरच्या गावांची नावं. जकात अदा झाली याचं समाधान असतंच. पण दोन-चार महिन्यांनी कळतं की आपल्याच बिल्डिंगमधल्या एका मुलीचा कॉलेजप्रवेश फी न भरल्यामुळे राहून गेला. मग घरातली मोठी मंडळी म्हणतात, "अगं, आधी सांगायचं ना!" पण सांगणार कोण, आणि कोणाला?

दारावर येणाऱ्या सफीरांना मी नावं ठेवणार नाही. रोजा धरून, जिने चढून ते येतात, तसदीकनामा दाखवतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या मदरशात खरोखरच यतीम मुलं शिकत असतात. ते आपल्यापर्यंत पोहोचतात म्हणून त्यांना मिळतं. शेजारची विधवा खाला पोहोचत नाही, कारण तिला मागायची लाज वाटते. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठवताना प्रेषितांनी (स.) जकातीविषयी जी सूचना दिली ती हदीसमध्ये आली आहे: तिथल्या श्रीमंतांकडून घ्यायची आणि तिथल्याच गरिबांना द्यायची. दूर पाठवूच नये असं नाही. गरज मोठी असेल, नातलग तिथे असतील, तर उलेमा त्याला परवानगी देतात. पण सुरुवात आपल्या गल्लीपासून आहे.

आता देणाऱ्याच्या बाजूने बघू. प्रत्येक देणाऱ्याच्या मनात एखादी हळवी जागा असते. ज्याचे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होते, त्याला त्या खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या कुणाचं बिल भरावंसं वाटतं. सर्टिफिकेट नाही म्हणून आखातात वर्षानुवर्षं हेल्पर म्हणूनच राबलेला माणूस गावी परततो, तेव्हा एखाद्या पोराने आयटीआय करावं अशी त्याची फार इच्छा असते. निवृत्त मास्तरांना वह्या-पुस्तकांसाठी द्यायचं असतं. बहिणीचा तलाक पाहिलेल्या आपाला एकट्या पडलेल्या बाईच्या हाताला काम मिळवून द्यायचं असतं. पण चंदा मागणारा त्यांना एकच प्रश्न विचारतो, "किती लिहू?" कशासाठी द्यायला आवडेल, हे कोणी विचारतच नाही.

हे विचारलं की काय घडतं, त्याचा मोठा दाखला मुंबईतच आहे. १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम सुरू झाली ती बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहम्मद अली रोगे अशा शहरातल्याच लोकांच्या पुढाकाराने. मुलांना शिकवायचं, हे त्यांना स्वतःला तळमळीने वाटत होतं. आपल्याला एवढी मोठी संस्था काढायची नाही. एक दोनशे पानी वही पुरे.

मोहल्ल्यातल्या तीन-चार विश्वासू माणसांनी ती सांभाळावी, आणि त्यांत निदान दोन बायका हव्यात. कुणाच्या घरी चूल थंड आहे हे मशिदीच्या कमिटीला उशिरा कळतं, शेजारच्या भाभीला आधी कळतं. वहीच्या डाव्या पानावर गरज लिहायची, नाव न लिहिता: 'नर्सिंग, दुसरं वर्ष, एवढी फी बाकी, या तारखेपर्यंत.' उजव्या पानावर देणारे आणि त्यांची आवड. मग डावं पान उजव्याला जोडायचं. नाव फक्त वही सांभाळणाऱ्यांना माहीत. दात्याला गरज कळते, चेहरा कळत नाही. हल्ली रेशन-किट देताना रांग लावून फोटो काढण्याची चाल पडली आहे. मला ती अजिबात पसंत नाही. त्या फोटोत उभी असलेली मुलगी उद्या शाळेत जाणार असते.

हिशेब करून पाहा. चार लाखांच्या बचतीवर अडीच टक्क्यांनी जकात १०,००० रुपये होते. पाचशे-पाचशे करून ती वीस जणांत वाटली तर कुणाचंच पूर्ण काम होत नाही. चार घरांनी एकत्र येऊन ४०,००० एका मुलीमागे उभे केले, तर बऱ्याच ठिकाणी तिचं एक वर्ष पार पडतं. शिवाय दात्याला पुढे सांगता येतं, "तुमची मुलगी पास झाली." तो पुढच्या वर्षी न बोलावता येतो.

इथे जकात आणि इमदाद यांतला फरक सांभाळायला हवा. जकात कुणाला द्यायची ते कुरआनने सूरह तौबामध्ये आठ प्रकारांत सांगून ठेवलं आहे. ती मुस्तहिक माणसाच्या हाती, त्याच्या मालकीची होऊन जावी, असं आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात. तिच्यातून अभ्यासिकेची भिंत किंवा मशिदीचा पंखा होत नाही. ज्याला लायब्ररी हवी आहे त्याने सदका-इमदादीतून द्यावं. फी परस्पर कॉलेजला भरायची असेल तर आधी त्या विद्यार्थ्याची परवानगी घ्यावी, आणि शंका वाटली तर आपल्या आलिमांना विचारावं.

वहीत पैसा मात्र ठेवू नये. देणाऱ्याने थेट द्यावा, किंवा नोंदणी असलेल्या, दरवर्षी हिशेब तपासून घेणाऱ्या ट्रस्टमार्फत. अनेक चांगली कामं मोडली ती निय्यत वाईट होती म्हणून नव्हे, तर पेटीची चावी कुणाकडे, यावरून.

वही सांभाळणाऱ्याला थोडं बाहेरचंही माहीत असावं. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खालची ही योजना आहे. अनेक मोठी, चकचकीत खासगी रुग्णालयं तिच्यात येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटलं, की कित्येकदा बिलाचा मोठा भाग कमी होतो. असं झालं तर दात्याचे पैसे औषधांना उरतात. अर्ज भरून द्यायला एखादा शिकलेला मुलगा सोबत गेला, तर तीही खिदमतच आहे. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नाहीत, त्यांचं नाव उजव्या पानावर असं येतं.

वेळेचा प्रश्न अवघड आहे. २०२६ चा रमजान फेब्रुवारीत सुरू झाला. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा चंद्र दिसेल, जानेवारीत आणि डिसेंबरात. प्रवेशाची फी मात्र जून-जुलैतच भरायची असते. म्हणजे पैसा हिवाळ्यात निघणार आणि गरज पावसाळ्यात पडणार. जकात रमजानलाच बांधलेली नाही, ती मालाचं चांद्र वर्ष पूर्ण झालं की देय होते. आणि निसाब असणाऱ्याने वर्ष पूर्ण होण्याआधी आगाऊ दिली तरी चालते, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. तेव्हा येत्या रमजानच्या जकातीतला काही भाग जूनमध्येच काढला, लिहून ठेवला आणि रमजानात वजा केला, तर सवाब कमी होत नाही आणि फीची तारीखही चुकत नाही.

एक अडचण तरीही राहते, आणि ती मला सर्वांत जास्त सतावते. दात्याच्या आवडीप्रमाणे जोडत गेलं, की हुशार मुलं आणि लहान यतीम यांना लवकर हात मिळतो. डाव्या पानावर काही ओळी मात्र तशाच राहतात. बचत गटाच्या आणि फायनान्स कंपनीच्या हप्त्यांत अडकलेली बाई. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं लोक म्हणतात, त्या तरुणाची दर महिन्याची गोळ्यांची चिठ्ठी. तुरुंगातून सुटून आलेला, ज्याला कुणी कामावर घेत नाही असा बाप. यांच्यासाठी कुणाचं मन आपसूक हळवं होत नाही. कर्जदार तर त्या आठ प्रकारांत स्पष्टपणे आहे, तरी त्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, "कशाला घेतलं होतं कर्ज?"

यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. दात्याला हवं ते काम जोडून द्यावं, आणि उठताना एवढंच म्हणावं: चाचा, तुमच्या रकमेतला दहावा भाग वहीतल्या सर्वांत जुन्या ओळीला देता का? ओळ कुठली, ते सांगू नये. वर्षभरात आठ-दहा जणांनी हो म्हटलं, तरी त्या गोळ्यांची चिठ्ठी दर महिन्याला वटते.