एक रात्र मांडवीच्या काठी

बेळगाव, खानापूर व निपाणी या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांस जुने गोवे काही अपरिचित नाही. कोणाच्या घरी नवस बोललेला असतो, कोणाचा मुलगा नोकरीस लागलेला असतो. मग चार घरे मिळून एक गाडी ठरवितात. मध्यरात्री चपात्या व शेंगदाण्याची चटणी बांधून मंडळी निघतात, चोर्ल्याच्या घाटात मुलांना ओकाऱ्या होतात आणि उजाडता उजाडता गाडी बॉम जेझूच्या मंदिरासमोर उभी राहते. मिस्सा होते, मेणबत्त्या लावल्या जातात. दुपारी पणजी, संध्याकाळी मिरामारची वाळू आणि रात्री पुन्हा घाट. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारे घर निजलेले असते. यास आपल्याकडे ‘गोवा करून आलो’ असे म्हणतात.

आम्हीही आजवर असेच गोवे करीत आलो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दशवार्षिक दर्शन होते, तेव्हाही आम्ही चौदा जण एकाच गाडीतून जाऊन एकाच दिवसात परतलो. परतताना एक लहानशी गोष्ट घडली. गाडीतील चौथीच्या मुलास शाळेत ‘मी पाहिलेली नदी’ या विषयावर निबंध लिहावयाचा होता. त्याने विचारले, आज आपण कोणती नदी पाहिली? चौदा जणांत कोणालाच उत्तर देता येईना. मांडवीवरील पुलावरून आम्ही गेलो होतो खरे. परंतु त्या वेळी कोणी झोपेत होते, कोणी डबे आवरीत होते. आमच्या मावशी म्हणाल्या, “नदी कुठली रे बाळा? अकरा खेपा झाल्या माझ्या. नदी काय मी बघितली नाही.”

मावशींचे वय शहात्तर. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचा निम्मा प्रवास गाडीतच बसून जातो. त्यांचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना.

याच सुमारास आमच्या ओळखीतील एका तरुणाची भेट झाली. प्रवासी जहाजावर तो स्वयंपाकघरात काम करतो व नॉर्वे देशात त्याचे जहाज नेहमी जाते. तेथे बर्गन नावाचे जुने बंदर आहे. हान्सा व्यापाऱ्यांच्या वखारींची लाकडी घरे धक्क्याला लागून रांगेने उभी आहेत. पावसासाठी ते गाव युरोपात प्रसिद्ध आहे, जरी कणकुंबीच्या माणसास त्या पावसाचे विशेष वाटणार नाही. या गावाच्या उत्तरेस व पूर्वेस समुद्र डोंगरांत खोलवर शिरला आहे. त्या अरुंद, उंच कड्यांच्या समुद्रफाट्यांस ते लोक फ्योर्ड म्हणतात. सोग्न नावाचा फ्योर्ड दोनशे किलोमीटरांहून अधिक आत जातो व काही ठिकाणी तेराशे मीटर खोल आहे. नेरॉय नावाची त्याची एक शाखा सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी अडीचशे मीटर रुंद आहे.

हा तरुण सांगत होता की फ्लॉम नावाच्या फ्योर्डकाठच्या खेड्यात सकाळी जहाजे लागतात, हजारो माणसे उतरतात, वीस किलोमीटर लांबीच्या डोंगरी आगगाडीत बसून वर जाऊन येतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी जहाज सुटते. जे शहाणे असतात ते बर्गन शहर पाहून झाल्यावर एक रात्र त्या खेड्यात काढतात. जहाज गेले म्हणजे रस्ते रिकामे होतात, कड्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येऊ लागतो आणि पाण्याच्या काठची माणसे आपापल्या कामास लागतात. “मी इतक्या वेळा गेलो, पण मलाही ते एकदाच दिसले,” असे तो म्हणाला. ते ऐकून आम्हांस मावशींच्या अकरा खेपा आठवल्या.

नॉर्वेला जाणे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या नशिबी असेल. परंतु आपल्या दाराशी तशी जागा नाही असे मात्र कोणी समजू नये. फ्योर्डच्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या. आपल्याकडे हिमनदी कधी आली नाही, येथे नद्यांनीच दऱ्या खोदल्या. परंतु हिमयुग संपून जगभरचे बर्फ वितळले तेव्हा समुद्राचे पाणी तेथेही चढले व येथेही चढले. तिकडे कोरलेल्या दऱ्यांत समुद्र शिरला, इकडे नद्यांची मुखे बुडून खाड्या झाल्या. तेरेखोल, मांडवी, जुवारी या साऱ्या अशाच बुडालेल्या नद्या होत. कडे नाहीत, म्हणून त्यांचा रुबाब कमी दिसतो इतकेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, दर्शनाची गर्दी ओसरल्यावर, आम्ही पाच जण पुन्हा निघालो. बरोबर मावशी व तो निबंधवाला मुलगा होता. या वेळी गाडी ठरविली नाही. बेळगावहून सकाळची बस धरली. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी असे करीत दुपारच्या आत पणजीस पोहोचलो. ज्या गाडीस परत जाण्याची घाई नसते तिच्या प्रवाशांचे चेहरेही वेगळे दिसतात, हे आम्हांस प्रथमच कळले.

पणजीविषयी अधिक लिहीत नाही, कारण ती बहुतेकांनी पाहिली आहे. फोंतेन्यांश भागातील रंगीत भिंतींच्या गल्ल्यांतून हळूहळू चाललो, इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या देवळाच्या पायऱ्या मावशी मध्ये दोनदा बसून चढल्या. नदीत जुगाराच्या मोठमोठ्या बोटी नांगरलेल्या आहेत. त्यांच्या दिव्यांनी पणजीजवळ नदी आहे की बाजार आहे तेच समजत नाही. दुपारी रायबंदरच्या सांडव्यावरून जुन्या गोव्यास गेलो. हा सुमारे तीन किलोमीटरांचा दगडी बांध १६३३-३४ मध्ये बांधलेला आहे. खारफुटीच्या चिखलावर घातलेला तो रस्ता अजून वाहने वाहतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जुन्या गोव्यात आपण सारे रस्त्याने येतो व बॉम जेझू आणि से कॅथेड्रल यांच्यामध्ये उतरतो. परंतु ते शहर रस्त्याकडे तोंड करून वसलेले नव्हते. नदीकडे थोडे खाली चालत गेले म्हणजे व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू गोव्याचा व्हाइसरॉय असताना १५९९ मध्ये ती उभारली गेली. लिस्बनहून येणारा नवा अधिकारी जहाजातून उतरून या कमानीखालून शहरात शिरत असे. म्हणजे ही पुढची ओसरी. आम्ही बेळगावकर आजवर परसदारानेच येत-जात होतो. ज्या नदीने हे शहर मोठे केले तिच्याच काठच्या रोगराईने ते ओस पाडले. व्हाइसरॉयने १७५९ मध्ये मुक्काम पणजीस हलविला व १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. हे पुस्तकात वाचले होते. परंतु कमानीखाली उभे राहून समोर पाणी व मागे रिकामे माळ पाहिले, तेव्हा ते प्रथम पटले.

कमानीच्या पुढे काही पावलांवर फेरीबोटीचा धक्का आहे. मावशी बोटीत बसण्यास तयार नव्हत्या. शेवटी एका खलाशाने त्यांचा हात धरला व “आवय, ये” म्हणून त्यांना सपाट लोखंडी तक्त्यावरून आत घेतले. चार-पाच मिनिटांत पलीकडे दिवाडी बेट. तेथे एका घरात खोली अगोदर सांगून ठेविली होती. यजमानीणबाईंनी उकड्या तांदळाचा भात व माशाचे हुमण वाढले. आमच्या घरातील स्त्रिया आयत्या पानावर बसल्या, आणि जेवण झाल्यावर ताटे उचलण्यास उठल्या तेव्हा त्यांना बळेच बसविण्यात आले. पंचवीस वर्षांच्या संसारात असे किती वेळा घडले असेल, याचा हिशेब आमच्या सौभाग्यवतींनी तेथेच मांडण्यास सुरुवात केली. तो येथे देत नाही.

दिवाडीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सप्तकोटेश्वराचे पुरातन देऊळ पूर्वी या बेटावर होते. पोर्तुगीज अमलात ते पाडले गेले व देव पाण्यापलीकडे नार्वे येथे नेण्यात आला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. टेकडीवर आज पिएदादचे देऊळ आहे व तेथून दिसणारा देखावा अप्रतिम आहे. तो पाहताना आधीची गोष्ट विसरून जाणे आम्हांस बरे वाटले नाही.

संध्याकाळी ओहोटी होती. काठाचा चिखल उघडा पडला होता, त्यावर खेकडे पळत होते, बगळे उभे होते. मुलगा निराश झाला. त्याला भरलेली नदी हवी होती. यजमानांनी त्यास सांगितले, थांब. समुद्राच्या एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत बारा तास पंचवीस मिनिटे जातात. जो सकाळी येऊन संध्याकाळी जातो त्यास नदीचा एखादाच चेहरा दिसतो. जो रात्र काढतो त्यास साऱ्या मुद्रा दिसतात. निजण्यापूर्वी आम्ही कंदिलाऐवजी मोबाइलचा उजेड घेऊन बांधावर गेलो, तेव्हा चिखल नाहीसा झाला होता व पाणी आवाज न करता वर चढत होते.

त्या बांधावरच खाजण शेतीचा सारा खटाटोप समजला. खाजण म्हणजे खाडीच्या काठची, बांध घालून मिळविलेली जमीन. बांधात लाकडी दार असते, त्यास मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्याच दाबाने दार मिटते व खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते. माणसाने रात्री जागण्याची गरज नाही. पावसाळ्यात तेथे कोरगूट नावाचा खारेपणा सोसणारा भात होतो. दार उघडते तेव्हा त्याच्या तोंडाशी जाळे लावून मासे व कोळंबी धरतात. पावसात वरून इतके गोडे पाणी येते की मांडवी मुखापर्यंत जवळजवळ गोडी होते. उन्हाळ्यात उलट खारे पाणी गांजेपर्यंत, सुमारे पन्नास किलोमीटर आत चढते. त्या दोन पाण्यांच्या मापावरच ही शेती व ही मासळी चालते.

“आणि गोडं पाणी येतं कुठनं?” मावशींनी विचारले.

यजमान म्हणाले, तुमच्याकडूनच. मांडवीचे वरचे नाव म्हादई. ती खानापूर तालुक्यात भीमगडाच्या रानात उगम पावते. कणकुंबीचा कळसा ओढा तिलाच मिळतो. मावशी गप्प झाल्या. कणकुंबीच्या बाजूस त्यांचे माहेर आहे, आणि त्या ओढ्यावर त्यांनी लहानपणी धुणी धुतली आहेत. त्याच कणकुंबीहून मलप्रभा निघून पूर्वेस कृष्णेला मिळते व तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. एकाच गावचे पाणी दोन समुद्रांस जाते हे त्यांस ठाऊक होते. त्यांतले एक झेवियरच्या पायाशी येते हे ठाऊक नव्हते.

पुढे बोलणे अर्थातच कळसा-भांडुऱ्याच्या वादावर गेले. हे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडकडे पिण्यासाठी द्यावे अशी कर्नाटकाची मागणी आहे. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी देऊ केले, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. यजमानांस भीती वाटते की वरचे गोडे पाणी घटले तर उन्हाळ्यातील खारे पाणी आणखी आत चढेल. आमचे नातलग हुबळीस राहतात. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणारी घरे आम्ही पाहिली आहेत. म्हणून बेळगावात बसून आम्ही या विषयावर जितक्या ठामपणे बोलत होतो तितक्या ठामपणे त्या ओसरीवर बोलता आले नाही. ज्याच्या घरचे हुमण खाल्ले त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते.

निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजकडील वाचकांसाठी दुसरी वाट आहे. आजरा व आंबोली घाटाने सावंतवाडीस उतरावे, गाव व राजवाडा पाहावा, आणि रात्र तेरेखोलच्या खाडीकाठी काढावी. मुखाशी तेरेखोलचा किल्ला आहे. तो १७४६ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला होता. आत संत अंतोनीचे लहान देऊळ आहे. दोन्ही वाटांस पावसाळ्यात घाटांत धुके व दरडी यांचा विचार करावा. ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या सुमारास गर्दीमुळे खोल्या मिळत नाहीत. आणि शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते हे धक्क्यावरच विचारून घ्यावे. वृद्धांस बरोबर नेत असाल तर तळमजल्याची खोली मागावी. खर्च एका दिवसाच्या गाडीहून फार वाढत नाही, कारण बसचे भाडे कमी पडते.

पहाटे पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला. गरम पाव घेऊन आम्ही धक्क्यावर आलो, तेव्हा ओहोटी लागून पाणी समुद्राकडे परतू लागले होते. बोटीत मावशी या वेळी आपण होऊन कठड्याशी उभ्या राहिल्या. मुलाने वही काढून काहीतरी लिहिले. आम्हांस दाखविले नाही.

दुपारी बस कणकुंबीस आली. मावशी जाग्याच होत्या. त्यांनी खिडकीची काच सरकविली. ओढ्यात पाणी फारसे नव्हते, दगड उघडे पडले होते.

“पावसात बघायला पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीतला शेवटचा पाव मोडून निम्मा मुलास दिला.