जमिनीखालची रोजकीर्द

अकोल्यात मोर्णाकाठी, असदगडाच्या आसऱ्याला वसलेल्या आमच्या जुन्या शहरात गल्ली खोदली, की भिंतीला तडा जाईल या धास्तीने म्हातारी माणसे जागतात. मुंबईत सांडपाण्याच्या काही वाहिन्या रस्ता न फोडता, जमिनीखालून नळ रेटत टाकल्या गेल्या. माणूस उभा राहणार नाही अशा बोगद्यात दिशा मोजायला स्वयंचलित यंत्र असते. नळांबरोबर तेही सरकते. म्हणून पुनःपुन्हा मागे वळून विहिरीतल्या पक्क्या खुणांशी ताळा घेते. अंशाच्या साठाव्या भागाची चूक शंभर मीटरवर तीन सेंटिमीटर होते. बँकेत आम्हीही कालची शिल्लक जुळल्यावाचून आजची कीर्द लिहीत नसू. महापालिकेने कुदळ मारण्यापूर्वी निदान मोजणी करावी. यंत्र महाग असेल. ताळा घेण्याची सवय फुकट आहे.