धुऱ्याला काडी लावू नका! धनज व परिसरातील समस्त गावकऱ्यांना जाहीर आवाहन



परवा भरदुपारी धनज शिवारात पुन्हा एक धुरा पेटवला गेला. वारा फिरला आणि आग नाल्याच्या काठाकाठाने पुढच्या वावरांत शिरली. आमची पोरं पाण्याच्या कॅना घेऊन पोचली तेव्हा बोराचं जुनं झाड करपलं होतं, राखेत टिटवीची चार अंडी तडकून पडली होती आणि दगडांच्या ढिगाशी पुरुषभर लांबीची धामण वेटोळ्यातच जळाली होती. पेटवणारे म्हणाले, "कचराच तर होता." हे आम्हाला सहन झालं नाही, म्हणून हे पत्रक.

तो कचरा नव्हता. शेतातल्या उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं देते. सोयाबीनची गंजी आतून पोखरणारी, हरभऱ्याचे घाटे बिळात ओढणारी ही फौज आवरतं कोण? धामण, नाग, मुंगूस, कोल्हा आणि गव्हाणी घुबड. हे तुमचे बिनपगारी सालदार आहेत! त्यांचं घर तुम्ही एका काडीने जाळता, मग उंदीर वाढले म्हणून विषाच्या पुड्या आणता, आणि ते आमिष टिपून मोर-तितर मरतात.

शाळेत शिकलेली अन्नसाखळी आठवा. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला सरडा, सरड्याला साप, सापाला गरुड. प्रत्येक पायरीवर खालच्या ऊर्जेचा साधारण 10 टक्केच भाग वर पोचतो. म्हणून उंदीर ढिगाने असतात आणि साप मोजके. उंदरांची तूट महिन्या-दोन महिन्यांत भरून निघते, धामणीची वर्षानुवर्षं निघत नाही.

पाखरांचंही तेच. तुरीवरची घाटेअळी कोतवाल आणि साळुंकी वेचून खातात. मावा ढालकिडे फस्त करतात. धुऱ्यावरची बोर-बाभूळ गेली की पाखरू बसणार कुठे? मग फवारणीवर फवारणी. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विसरलात?

चीनने 1958 मध्ये धान्य खाते म्हणून चिमणी मारायची मोहीम काढली. पुढे किडे इतके माजले की 1960 मध्ये चिमणीचं नाव मारायच्या जीवांच्या यादीतून काढावं लागलं. आपल्याकडे जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडं संपवली. 2006 मध्ये बंदी आली तोवर काही जातींची 97 टक्क्यांहून अधिक गिधाडं गेली होती. गावाबाहेर मेलेलं ढोर आता कुत्र्यांच्या टोळ्या फाडतात.

आणि आपण कुठे राहतो याची तरी जाण ठेवा! आपल्याच कारंजा तालुक्यात काळविटांसाठी 2000 साली कारंजा-सोहोळ अभयारण्य झालं, क्षेत्र जेमतेम 18 चौरस किलोमीटर. बाकीच्या पशुपक्ष्यांना उरलेत ते आपलेच धुरे, नाले आणि पडीत.

काही जण म्हणतात, आजोबाही धुरे पेटवत होते. आजोबांच्या काळी लगतच कुरण होतं, पळायला जागा होती. आज वावराला वावर चिकटलंय. तण पिकात शिरतं? कापा, आच्छादनाला टाका, जमिनीलाच लागेल. साप चावतो? रात्री बॅटरी आणि बूट वापरा, चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठा. हरणं-रोही पीक खातात? वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. त्यासाठी काडी लागत नाही. या शंका आम्ही चावडीवर शंभरदा ऐकल्या, आता पुरे.

आता कामाचं. धुऱ्यावर तणनाशकही मारू नका, विळ्याने कापा. पऱ्हाट्या-तुराट्या जाळण्यापेक्षा कुट्टी करून जमिनीत घाला. येत्या हंगामात तूर-हरभऱ्यात एकरी 8-10 पक्षीथांबे उभे करा. आमच्या पोरांनी गेल्या साली पदरमोड करून ते केले, येऊन बघा. साप दिसला तर काठी उचलू नका. धामण आणि नाग 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना मारणं हा गुन्हा आहे. वनखात्याचा 1926 हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. मायबहिणींनो, निंदणाला तुम्ही जाता, कोणत्या धुऱ्यावर कोणतं पाखरू अंडी घालतं हे तुम्हालाच ठाऊक. 2002 च्या कायद्याने गावाची जैवविविधता समिती आणि नोंदवही असायला हवी, तुमची माहिती त्यात उतरलीच पाहिजे.

1 मेच्या ग्रामसभेत धुरे पेटवण्यावर बंदीचा ठराव आम्ही मांडणार आहोत. घरटी एक माणूस आलाच पाहिजे. ठराव झाल्यावर जो धुरा पेटेल, त्याच्या मालकाचं नाव पुढच्या ग्रामसभेत वाचलं जाईल, मग तो आमच्यातल्याच एखाद्या पोराचा बाप का असेना.

आपले,
धनजची तरुण मंडळी