‘केवळ कौटुंबिक’ म्हणजे काय?

मराठी रसिकांच्या बोलण्यात एक शब्द असा आहे की तो उच्चारला म्हणजे पुढचा विचार आपोआप थांबतो. तो शब्द ‘कौटुंबिक’. त्याच्या आधी ‘केवळ’ जोडले की खटल्याचा निकालच लागला! नाटक कौटुंबिक, कादंबरी कौटुंबिक, चित्रपट कौटुंबिक. म्हणजे दुपारची जेवणे आटोपल्यावर बायकांनी डोळे टिपीत पाहावयाचा जिन्नस. पुरुषांनी, आणि त्यातही सरकारी हुद्द्यावरच्या पुरुषांनी, पाहावयाचा तो इतिहास. त्यात तट हवेत, तोफा हव्यात, निदान एखादी वाटाघाटीची बैठक तरी हवी.

तंजावूरास बदलून आलेल्या आम्हां काही मराठी मंडळींत मध्यंतरी झांग यिमोउ या चिनी दिग्दर्शकाचा ‘हुओ झे’, म्हणजे ‘जगणे’, हा १९९४ सालचा चित्रपट पाहण्यात आला. यू हुआ यांच्या कादंबरीवरून तो घेतलेला आहे. चित्र संपताच एका अधिकारी स्नेह्यांनी अभिप्राय दिला: ‘सुरेख आहे, पण शेवटी कौटुंबिकच. एक जुगारी, त्याची बायको, दोन मुले. यात क्रांती कुठे दिसली?’ बैठकीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. हा अभिप्राय त्या एकट्या गृहस्थांचा असता तर आम्ही तो चहाबरोबर गिळून टाकला असता. परंतु तो आपल्या साऱ्या शिक्षित वर्गाचा अभिप्राय आहे, आणि तो चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर आपल्यासारख्या नोकरपेशाच्या माणसांनी तो देणे धोक्याचे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम ते चित्र काय सांगते ते पाहू. फूग्वी हा जमीनदाराचा मुलगा. जुगारात तो वडिलोपार्जित वाडा हरतो आणि वाडा जिंकणाऱ्याकडूनच चामड्याच्या छायाबाहुल्यांची पेटी उसनी घेऊन गावोगाव खेळ करू लागतो. यादवी युद्धात त्याला आधी राष्ट्रवादी सैन्य ओढून नेते, मग तो मुक्तिसेनेच्या हाती लागतो. घरी परततो तेव्हा देश बदललेला असतो. ज्याने वाडा जिंकला तो आता जमीनदार ठरून गोळ्यांना बळी पडतो. ते पाच बार ऐकताना फूग्वीला कळते की आपण त्या रात्री हरलो नसतो तर हे बार आपल्या छातीत बसले असते. घाबरून घरी धावत आल्यावर तो काय करतो? मुक्तिसेनेच्या सेवेत खेळ केल्याचा कागद शोधतो. तो कागद पुढे चौकटीत बसून भिंतीवर चढतो. दाखले देण्यात आणि दाखले मागण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आम्हां लोकांना या चौकटीत राजकारण दिसू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

या चित्रातील आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे पात्र फूग्वी नव्हे, त्याची सोशिक पत्नी ज्याझनही नव्हे. ते आहे वस्तीप्रमुख नियू. हा दुष्ट नाही. हसतमुख आहे, शेजाऱ्यांच्या उपयोगी पडणारा आहे, मुक्या फंगश्यासाठी स्थळही तोच पाहतो. त्याच्याकडे वरून हुकूम येतात आणि तो ते दारोदार पोहोचवितो, एवढेच. १९५८ सालच्या ‘मोठ्या झेपे’त पोलाद करावयाचे म्हणून घराघरातील लोखंड गोळा करावयाचा हुकूम येतो, नियू हसत हसत तवे नि कढया घेऊन जातो. स्वयंपाक सार्वजनिक भोजनालयात होणारच आहे, मग कढई कशाला? सांस्कृतिक क्रांतीत बाहुल्या जुन्या जगाच्या ठरतात. त्या जाळा, हेही तोच मृदुपणे सांगतो. आणि एके दिवशी तोच नियू ‘भांडवलशाहीचा वाटसरू’ ठरतो.

या हसतमुख हुकमांचे परिणाम मात्र घरात घडतात. शाळेत पोलाद वितळविण्याच्या कामाला मुलांनी यावे असा निरोप येतो. यौचिंग कित्येक दिवसांचा जागा आहे, त्याला निजू द्या, असे आई म्हणते. बाप मात्र भितो. आपले घर मागासलेले दिसले तर? तो झोपलेल्या पोराला पाठीवर घेऊन स्वतः पोहोचवून येतो, आणि ते पोर एका भिंतीच्या आडोशाला निजलेले असताना जिल्हाप्रमुखाची गाडी त्या भिंतीवर आदळून मरते. पुढे फंगश्या बाळंत होते. इस्पितळात वयाने अनुभवी डॉक्टर एकही नाही. ते सारे प्रतिगामी ठरवून कोंडलेले आहेत. एका म्हाताऱ्या प्राध्यापकाला कसेबसे आणले जाते. दिवसेंदिवस उपाशी असलेला तो जीव हाती आलेले सात पाव खाऊन वर पाणी पितो आणि निपचित पडतो. इकडे रक्तस्राव थांबत नाही, आणि विद्यार्थिनी परिचारिका रडत उभ्या राहतात.

आता आमच्या स्नेह्यांनी सांगावे, यात राजकारण कुठे नाही? फायलीत हुकूम एका ओळीचा असतो. ‘लोखंड जमा करावे.’ ‘प्रतिगामी घटक दूर करावेत.’ त्या ओळीचा अर्थ फायलीत कधीच लिहिलेला नसतो. तो ज्या उंबरठ्याच्या आत उमटतो तेथे शिपाई टपाल देऊन परत फिरतो. ज्याला तो अर्थ वाचावयाचा आहे त्याने घरात शिरावयास हवे, आणि कौटुंबिक चित्रपट हेच करतो.

याच विषयावरचे दुसरे चित्र तिआन झुआंगझुआंग यांचा ‘निळा पतंग’ (१९९३). त्यात एक प्रसंग असा आहे की कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाची झोप त्याने उडावी. १९५७ सालच्या ‘उजव्यां’विरुद्धच्या मोहिमेत एका ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांची बैठक भरली आहे. ठरीव संख्या भरून द्यावयाची आहे. नावे कमी पडतात. एक साधासुधा ग्रंथपाल मध्येच लघवीला उठून जातो. परत येऊन पाहतो तो सारी बैठक त्याच्याकडे वळून बघते आहे. संख्या पूर्ण झाली! तो श्रमछावणीत जातो, तिथेच मरतो, आणि त्याच्या लहान मुलाचे नि बायकोचे पुढचे सारे आयुष्य त्या एका उठून जाण्यावर बेतलेले राहते. आम्ही कचेरीतल्या बैठका पुष्कळ पाहिल्या आहेत. कोणाला श्रमछावणीत पाठविण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आमचे भाग्य. पण संख्या भरून देण्याची घाई आणि गैरहजर माणसाच्या नावावर टेकणारी बोटे आम्हांस अपरिचित नाहीत.

ही दोन्ही चित्रे त्यांच्या देशात बंद झाली. झांग यिमोउंना कान येथे ‘ग्रां प्री’ आणि त्यांच्या नटाला, गे यू याला, सर्वोत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक मिळाले. घरी त्यांच्यावर दोन वर्षे चित्रपट करण्याची बंदी आली. आता गंमत पाहा. पेइचिंगच्या नियंत्रकांना त्या ‘केवळ कौटुंबिक’ चित्रात एवढे राजकारण दिसले की त्यांनी कुलूप घातले. आणि आमच्या सुशिक्षित स्नेह्यांना त्यात राजकारणाचा लवलेशही दिसला नाही. रसिकतेत नियंत्रक आमच्यापुढे गेले म्हणावयाचे!

एक गोष्ट आम्ही मान्य करतो. ‘कौटुंबिक’ या शब्दाला वाईट नाव लागले ते उगाच नव्हे. ‘माहेरची साडी’च्या (१९९१) पंथातील चित्रांनी घराला बाहेरून कडी घातली. त्या घरात सासू हेच एकमेव सरकार, नणंद हीच फौज. बाहेर काय चालले आहे याची चाहूलही आत येत नाही. परंतु हा दोष कुटुंबाचा नव्हे, कडीचा आहे.

चीनचे आपल्याला काय, असाही एक सूर निघाला. तर चीनच्या त्याच उलथापालथीत एक मराठी घरही होते, याचे आम्ही स्मरण देतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते तिकडे असतानाच इकडे वडील वारले. ते परतले नाहीत. १९४१ साली त्यांनी ग्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि स्वतः डॉक्टर झाले. चित्र मोठ्या तळमळीचे आहे यात शंका नाही. पण त्यात अपस्मार नाही, महामारी आहे; डॉक्टर तिच्यावर इलाज शोधतात आणि तिलाच बळी पडतात. अपस्मार म्हणजे घरातले दुखणे. बायकोने रात्री उशाशी बसून पाहावयाचे, चारचौघांत न सांगण्याचे. हुतात्म्याला ते शोभेना, म्हणून त्याला महामारी दिली.

१९४६ सालच्या चित्राला १९४६ नंतरचे सांगता येणार नव्हते, हे आम्हांस कळते. मग पुढच्यांनी का सांगितले नाही? त्या मुलाचे नाव यिनहुआ. एका अक्षरात भारत, दुसऱ्यात चीन. त्याच्या वयाच्या विसाव्या वर्षी, १९६२ साली, त्याच्या नावातली दोन अक्षरे एकमेकांशी लढली. १९६७ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन धुमाळीत, वैद्यकाचा विद्यार्थी असताना, तो चोविसाव्या वर्षी वारला. आई २०१२ पर्यंत जगली. पत्नीने, आईने, एका देशाच्या सुनेने आणि दुसऱ्या देशाच्या लेकीने काय काय पाहिले असेल! पण मराठी पडदा तिकडे वळला नाही. चिनी राष्ट्राध्यक्ष मुंबईला येतात (२००६ साली हू जिंताओ आले होते), कोटणीसांच्या नातलगांना भेटतात, छायाचित्र छापले जाते. तेवढ्यापुरते ते कुटुंब असते, एरवी फक्त हुतात्मा.

आणि आम्ही राहतो त्या गावाचे काय? फूग्वीच्या पेटीतील बाहुल्या पाहताना बैठकीतील एकालाही आठवले नाही की तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, ज्याला इकडे तोलपावै कूत्तू म्हणतात, करणारी मंडिगर मंडळी घरात मराठी बोलतात. नावापुढे राव लावतात, पडद्यावर रामायण तमिळात सांगतात, आणि पडदा खाली आला की आपसांत मराठीत बोलतात. तंजावूरच्या मराठ्यांच्या राज्यात आपले पूर्वज इकडे उतरले असे ती सांगतात. राज्य गेले, कंपनी आली, कंपनीही गेली, पेटी राहिली. ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) काढणाऱ्या आपल्या चित्रसृष्टीला अशी पेटी हा विषय वाटत नाही, कारण पेटीत तलवार नाही.

‘पण ते साम्यवादी चीनमध्ये, आपल्याकडे असे घडले नाही,’ हे स्नेह्यांचे शेवटचे वाक्य होते. त्यांच्या निवासापासून राजवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी तंजावूरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले. ऑक्टोबर १८५६ मध्ये कमिशनर फोर्ब्स यांनी शिपायांनिशी वाड्यात येऊन सारी मालमत्ता ताब्यात घेतली, मोहोरा लावल्या. राज्य गेले ते गेले. हे दागिने, ही खाजगी चीजवस्तू तरी आमची, असे म्हणून थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, आणि कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. कंपनी प्रिव्ही कौन्सिलात गेली. तेथे १८५९ साली ठरले की हे सार्वभौम सत्तेचे राजकृत्य आहे. अन्याय झाला असला तरी त्याची दाद कोणत्याही न्यायालयात लागणार नाही. १८६२ साली सरकारने आपल्या कृपेने ती मालमत्ता राण्यांना परत केली, आणि १८६८ साली मद्रासच्या हायकोर्टात त्याच मालमत्तेसाठी राण्या एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. जीजोयीअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई. यात माओ नाही, लाल पुस्तक नाही. फोर्ब्स साहेबही बहुधा नियूसारखेच सभ्य गृहस्थ असतील. वरून आलेला हुकूम त्यांनी पोहोचविला. सवतींना त्या हुकमाने काय केले हे ज्याला दाखवावयाचे असेल त्याला ‘केवळ कौटुंबिक’ चित्रच काढावे लागेल.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की आम्ही सारे त्यांना राजवाडा दाखवावयास नेतो. सरफोजी महाराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय दाखवितो, दरबार दाखवितो, आणि बृहदीश्वराच्या देवळातील भोसले वंशाचा १८०३ सालचा तो प्रचंड मराठी शिलालेख बोटाने वाचून दाखवितो. त्यात राजे आहेत, स्वाऱ्या आहेत, तह आहेत. पाहुणे भारावून जातात, छायाचित्रे काढतात. मोहोरा लावल्या त्या दिवशी राण्या वाड्याच्या कोणत्या दालनात बसल्या होत्या, एवढे विचारणारा मराठी पाहुणा आम्हांस अजून भेटावयाचा आहे.