शेताची राखण आणि कायद्याचे मौन

ऑक्टोबर उजाडला की कोकणात भात पिकून लवू लागते, विदर्भात सोयाबीनची काढणी सुरू होते आणि याच दिवसांत रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत उकरली जाते. माळ्यावर बसून पत्र्याचे डबे वाजविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात परवान्याची बंदूक असली, तरी ती उचलावी की नाही याचे पूर्ण उत्तर त्याला कोणत्याही एका कार्यालयात मिळत नाही. वनखाते प्राण्याविषयी सांगते, पोलीस शस्त्राविषयी सांगतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तिसराच नियम पुढे येतो. या तिन्हींचा मेळ घालण्याचे काम मात्र, ज्याला कायद्याची पुस्तके वाचण्याची सवड नाही आणि साधनही नाही, त्या शेतकऱ्यावरच सोपविण्यात आले आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, बंदीचा काळ होता, साधनांविषयीही निर्बंध होते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सारी व्यवस्था रद्द झाली आणि शिकार हा छंद कायद्याच्या दृष्टीने संपला. हे योग्यच झाले. परंतु अकराव्या कलमाची वाट खुली राहिली. एखादा वन्य प्राणी मनुष्याच्या जीविताला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला आहे, अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि रानडुक्कर आज दुसऱ्या अनुसूचीत आहे. म्हणजे ते संरक्षितही आहे आणि परवानगीने मारताही येते. या कलमात प्राणी आहे, पीक आहे, अधिकारी आहे. शस्त्राविषयी मात्र कलम अवाक्षर काढीत नाही.

शस्त्राचा विचार करतो तो १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्यासाठी कायद्याच्या डोळ्यांपुढे आहे ती ठासणीची बंदूक. ठासणीची बंदूक अपुरी आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक त्याला मंजूर करता येते. रायफलीसाठी, म्हणजे आतून पेचदार खाचा असलेल्या नळीसाठी, वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. १९६२ चे शस्त्र नियम जाऊन २०१६ चे आले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. पीकसंरक्षणाच्या कलमातील ठासणीची बंदूक मात्र होती तेथेच राहिली.

नळीच्या मापाची भाषाही सामान्य माणसाला चकविणारी आहे. ‘बारा बोअर’ म्हणजे नळीच्या मापाच्या बारा गोल गोळ्यांचे शिसे एक पौंड भरते. म्हणून सोळा बोअरची नळी बारा बोअरहून लहान असते. ‘तीनशे पंधरा’ हे मात्र इंचाच्या हजाराव्या भागाचे माप आहे. ते सुमारे आठ मिलिमीटर भरते. ‘तीनशे तीन’ हे लष्करी माप असल्यामुळे ते नागरिकांना वर्ज्य, आणि त्याचमुळे नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांत ‘तीनशे पंधरा’ची रायफल तयार होत आली. या साऱ्याचा शेताच्या बांधावर अर्थ काय? ठासणीच्या बंदुकीला एकच बार मिळतो. बारीक छऱ्यांनी रानडुक्कर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुकरापाशी जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. मग परवानगी हाती असलेल्या माणसाने कोणते शस्त्र वापरावे, त्यात छरे भरावेत की गोळी, शेजाऱ्याच्या शेतात शिरलेल्या डुकरावर त्याला बार टाकता येईल काय, या प्रश्नांना अकरावे कलम उत्तर देत नाही आणि तेरावे कलम ते विचारातही घेत नाही.

वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने या गुंत्यात आणखी एक गाठ मारली आहे. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही. चोरट्या शिकारीला आळा घालण्याचा हा हेतू निःसंशय चांगला आहे. पण त्याचा परिणाम असा की, ज्याचे शेत जंगलाला सर्वांत जवळ, त्याच्यापासून बंदूक सर्वांत दूर.

हंगामांची गल्लत

शिकारीचे हंगाम कायद्यातून गेले. पण पिकाचा हंगाम आणि निवडणुकीचा हंगाम राहिले आहेत आणि महाराष्ट्रात ते एकमेकांवर येऊन पडतात. राज्य विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. चारही वेळा आचारसंहितेचा काळ खरिपाच्या तोंडावर आला. या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात आणि निकालानंतरच ती परत मिळतात. ती सरसकट जमा करू नयेत, प्रत्येक परवानाधारकाचा छाननी समितीने स्वतंत्र विचार करावा, अशी दिशा मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००९ मध्ये निवडणूक आयोगाने दिली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, दंगलीत गुंतलेले अशांकडे समितीने विशेष लक्ष द्यावयाचे आहे. हे निकष शांततेचे आहेत आणि ते असावयासही हवेत. परंतु त्यांत पिकाच्या राखणीचा विचार नाही. परिणामी वनखात्याची लेखी परवानगी एका हातात आणि बंदूक जमा केल्याची पावती दुसऱ्या हातात, अशी स्थिती ओढवू शकते. दोन्ही कागद सरकारीच आहेत.

नियम गुंतागुंतीचे असणे आणि ते अबोल असणे, यांत फरक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरिण कायद्यानुसार हरिण मारण्याच्या रायफलीचा व्यास ०.२४० इंचाहून आणि गोळीची ऊर्जा १,७०० फूट-पौंडांहून कमी असता कामा नये. २००७ मध्ये मुंटजॅकसारख्या लहान हरणांसाठी ही मर्यादा ०.२२० इंच व १,००० फूट-पौंड अशी उतरविण्यात आली. मुंटजॅकला बंदीचा काळ नाही, तर रो जातीच्या हरिणीचा हंगाम १ नोव्हेंबरला उघडतो. म्हणजे नोव्हेंबरात एकाच रानात, एकाच सकाळी, हातातली लहान रायफल एका हरणासाठी कायदेशीर आणि दुसऱ्यासाठी बेकायदा ठरते. सीमा ओलांडून स्कॉटलंडात गेले की व्यासाचा प्रश्नच उरत नाही. तेथे गोळीचे वजन, वेग व ऊर्जा पाहतात. गोंधळ तेथेही आहे. पण तो आकड्यांत लिहिलेला आहे, आणि लिहिलेला गोंधळ वाचून सोडविता येतो. भारतातील शेतकऱ्याच्या वाट्याला कोरी जागा आली आहे. ती कशाने भरावयाची, हे त्या त्या वेळचा अधिकारी ठरवितो.

कोरी जागा फार काळ कोरी राहत नाही. कायदा पाळणारा शेतकरी कायद्याच्या धाकाने स्वस्थ बसतो. न पाळणारा रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतो किंवा पिठात गुंडाळलेला गावठी बॉम्ब बांधावर ठेवतो. तारेला परवाना लागत नाही, तिचा व्यास कोणी मोजत नाही, आणि समोर कोण आले हेही ती पाहत नाही. डुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी विदर्भात वाघ मेले आहेत, पहाटे शेतावर निघालेली माणसेही मेली आहेत. बंदुकीच्या नियमांतील संदिग्धता वन्य जीवांचे रक्षण करते, असे मानणाऱ्यांनी या मृत्यूंचा हिशेब मांडला पाहिजे.

नियम स्पष्ट केले तर शिकारीला मोकळे रान मिळेल, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. रानडुक्कर हे वाघ-बिबट्यांचे भक्ष्य आहे आणि पीकसंरक्षणाच्या नावाखाली मांसासाठी शिकार करणारे लोक आहेत. पण स्पष्टता म्हणजे सवलत नव्हे. परवानगीने मारलेला प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, असे कायदा आजही सांगतो. कोणत्या शस्त्राने, कोणत्या गटक्रमांकात, कोणत्या तारखेपर्यंत, हे आदेशात लिहिलेले असेल, तर त्याबाहेरचा प्रत्येक बार चटकन ओळखू येईल. संदिग्ध नियमाच्या आडोशाला चोर लपतो; स्पष्ट नियमाच्या उजेडात त्याला जागा उरत नाही.

केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले आणि विष, स्फोटके व वीज ही साधने वर्ज्य ठरविली. ती व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असे नाही. महाराष्ट्राला त्याहून साधे काम करता येईल. अकराव्या कलमाखालील प्रत्येक आदेश मराठीत, एका पानाचा असावा. त्यात प्राणी, जागा, मुदत, शस्त्राचा प्रकार, काडतुसाचा प्रकार आणि बार टाकणाऱ्याचे नाव असावे. त्याची प्रत त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जावी व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. ज्याच्याजवळ योग्य शस्त्र नाही, त्याच्यासाठी वनखात्याने पारखलेल्या नेमबाजांची यादी तालुक्याच्या ठिकाणी असावी. निवडणुकीच्या छाननी समितीपुढे असा चालू आदेश आला, तर तो विचारात घेण्याचे बंधन तिच्यावर असावे. यासाठी वनखाते, गृहखाते आणि जिल्हाधिकारी यांनी एकदा एकत्र बसण्याची गरज आहे.

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व शाळेतल्या मुलालाही माहीत असते. वन्यजीव कायद्याच्या साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढी शिक्षा ठेवणाऱ्या शासनाने नागरिकाला काय करता येते हे त्याच्या भाषेत, एका जागी सांगणे, ही त्या तत्त्वाचीच दुसरी बाजू होय. ती पाळली जात नाही तोवर माळ्यावरचा माणूस डबाच वाजवीत राहणार, आणि शेजारच्या बांधावरची तार तेवढी जिवंत राहणार.