आकड्यांचे निदान

बालपणी माझ्याकडे लस टोचून घेतलेली मुले बारावीनंतर पुन्हा येतात, ती सल्ला विचारण्यासाठी. हिमायतनगरातील इतक्या वर्षांच्या व्यवसायात त्यांचा प्रश्न ठरलेलाच असे : वैद्यकीय की अभियांत्रिकी? अलीकडे मात्र एका विद्यार्थिनीने निराळीच इच्छा बोलून दाखवली. तिला वाणिज्य शाखेतून आर्थिक गैरव्यवहारांच्या तपासाचे शास्त्र, म्हणजेच फोरेन्सिक अकाउंटिंग, शिकायचे आहे. ‘लोकांच्या लबाड्या शोधत बसायचे, हे काय शिक्षण झाले?’ ही तिच्या वडिलांची नाराजी. माझ्या मते हे शिक्षण आज अत्यंत आवश्यक आहे आणि आपल्या समाजाने त्याचे स्वागत करावयास हवे.

नेहमीचे लेखापरीक्षण आणि हे शास्त्र यांत भेद आहे. लेखापरीक्षक निवडक व्यवहार तपासून हिशेब एकंदरीत खरे आहेत की नाहीत, यावर मत देतो. फोरेन्सिक तपासनीस मात्र संशयाच्या एका धाग्यापासून सुरुवात करतो. पैसा कोठून निघाला, कोणाच्या सहीने निघाला, कोठे मुरला, हे शोधून तो न्यायालयात टिकेल असा पुरावा उभा करतो. आपल्या भाषेत सांगायचे तर वार्षिक आरोग्यतपासणी आणि न्यायवैद्यक तपासणी यांतला हा फरक आहे.

हैदराबादकरांना याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातील खोटेपणा कबूल केला. ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी सुमारे 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात हजारो बनावट बिले उघड झाली. विशेष म्हणजे, त्याआधी काही महिनेच, 2008 मध्ये, याच कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक मिळाले होते! 9 एप्रिल 2015 रोजी येथील विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले व त्यांनी अपिले केली. पण कायद्याच्या निकालापेक्षा मला एक साधी गोष्ट अधिक बोलकी वाटते. बँकेतील शिलकीची खातरजमा बँकेकडून थेट न घेता कंपनीमार्फत आलेल्या कागदांवर विसंबून राहिले गेले. रुग्णाने स्वतःच लिहून आणलेला रक्ताचा अहवाल आपण ग्राह्य धरू काय?

आकडेसुद्धा बोलतात, फक्त ऐकणारा कान तयार असावा लागतो. वजनांच्या नोंदवहीत प्रत्येक बालकाचे वजन पूर्ण किंवा अर्ध्या किलोवरच थांबलेले दिसले, तर काटा नीट वाचलेला नाही हे बालरोगतज्ज्ञ तत्काळ ओळखतो. खऱ्या बालकाच्या वाढीची रेषा तापाने खाली येते, बरे वाटताच वर चढते. ती फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ नसते. हिशेबांचेही तसेच आहे. अनेक प्रकारच्या नैसर्गिक आकडेवारीत सुमारे 30 टक्के संख्या 1 या अंकाने सुरू होतात आणि 9 ने सुरू होणाऱ्या पाच टक्क्यांहूनही कमी असतात. यास बेनफर्डचा नियम म्हणतात. मनाने रचलेले आकडे पुष्कळदा या प्रमाणात बसत नाहीत. अर्थात, विसंगती म्हणजे गुन्हा नव्हे. ते केवळ लक्षण. निदान पुराव्यानेच व्हावयाचे. निरपराधावर आळ येऊ नये, यासाठीही हेच प्रशिक्षण लागते.

आपण मराठी माणसे सहकारावर श्रद्धा ठेवणारी. म्हणूनच 2019 चे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण जिव्हारी लागते. एकाच उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे 21,049 बनावट खात्यांच्या आड दडवली गेली होती. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यावर ठेवीदारांना प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. निवृत्तांची औषधे आणि नातवंडांच्या शाळेची फी त्या खात्यांत अडकली. ‘आपलाच माणूस आहे’ हा विश्वास सुंदर खरा, परंतु तो तपासणीला पर्याय नव्हे. आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांत हिशेब दोन मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून संमत होतात, तेव्हाही हे आठवावे. रुग्णालयांची बिले आणि विम्याचे दावे यांनाही हीच कसोटी लागू व्हावी, असे मी एक डॉक्टर म्हणून आवर्जून म्हणेन.

सनदी लेखापालांच्या संस्थेचा या विषयातील प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, परंतु तो सनदी लेखापाल झालेल्यांसाठी. पदवीच्या विद्यार्थ्यांचे काय? बँकांत, सहकारी संस्थांत, दवाखान्यांत कारकून म्हणून पहिली नोंद तेच करणार आहेत. हैदराबादच्या मराठी समाजाने 1907 साली विवेकवर्धिनी उभी केली. त्या परंपरेला शोभेल अशा रीतीने आपल्या वाणिज्य महाविद्यालयांतून लेखाशास्त्र, कायदा, संगणकीय माहितीचे विश्लेषण आणि साक्ष नोंदवण्याची पद्धत यांचा एकत्रित अभ्यास सुरू व्हावा. त्यासाठी आपल्या संस्थेने एखादी शिष्यवृत्ती ठेवावी, अशी माझी सूचना आहे.

त्या मुलीच्या वडिलांना मी इतकेच सांगेन : रोग शोधणारा रोग्याचा शत्रू नसतो. तिला अवश्य शिकू द्या.